दुलीपसिंगाची उंची मुद्दाम वाढवली आहे का? कॉपी करून राहिली, पायांपाशी अडकली

रविवारची_चित्रकार

नमस्कार सगळ्यांना, प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

मी नोकरी करते आणि दर रविवारी ऑइल पेंटिंग शिकून राहिली, आता तीन वर्षं होतील. मागच्या महिन्यात सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक सुटं पान मिळालं, एखाद्या जाडजूड इंग्रजी पुस्तकातून निघालेलं असावं, पंजाबच्या महाराजा दुलीपसिंगाचं पूर्ण उंचीचं पोर्ट्रेट, खाली चित्रकार विंटरहाल्टर आणि साल १८५४. मी अक्षरशः फूटपाथवरच उभी राहून पाहत बसली. पगडीवर हिऱ्यांचा तुरा, गळ्यात मोत्यांच्या माळा, भरजरी कपडे, तलवार, आणि मागं लांबवर मनोऱ्यांचं कुठलंतरी गाव. आणि त्या सगळ्या श्रीमंतीत एका पोराचा चेहरा.

घरी आल्यावर ठरवलं की वर्षभराचं काम म्हणून हेच कॉपी करायचं. पान खराब होऊ नये म्हणून फ्रेम करायला दिलं, तर फ्रेमवाल्यानं मला न विचारता खालची कड दोन बोटं कापली, फ्रेम त्याच्याजवळ तयार होती त्यात बसवायसाठी. खालचा मजकूर गेला आणि एका मोजडीचं टोकही गेलं. जीव एवढा हळहळला ना, काय सांगू.

आता प्रश्न. कॅनव्हासवर चौकटी पाडून रेखाटन करून राहिली तर डोक्याच्या मापानं आकृती मोजली, ती पूर्ण वाढलेल्या माणसाची येते. पण दुलीपसिंगाचा जन्म ६ सप्टेंबर १८३८ चा, म्हणजे चित्राच्या वेळी तो जेमतेम पंधरा वर्षांचा. चेहराही पंधराचाच दिसतो. मग अंग मोठ्या माणसाचं काऊन? माझी मोजायची चूक, कापलेल्या कडेमुळे होऊन राहिलं, का चित्रकारानं असंच काढलंय? आणि तसंच असेल तर मी कॉपीत ते दुरुस्त करू की जसं आहे तसं ठेवू?

दुसरं, गळ्यात माळांसोबत एक छोटं चित्र लटकलंय, चेहऱ्यासारखं काहीतरी. माझ्या प्रिंटमध्ये ते धूसर आहे. ते कोणाचं?

आणि मोती. माझे मोती साबुदाण्यासारखे दिसतात. प्लीज कोणीतरी सांगा.

---

महालकर

ताई, पहिलं काम म्हणजे त्या कापलेल्या प्रिंटवरून मोजणं सोडा. मूळ चित्र ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे, रॉयल कलेक्शन म्हणतात, आणि त्यांच्या वेबसाइटवर पूर्ण चित्र पाहायला मिळतं, झूम करून मोजडीचं टोक पण दिसेल. मूळ कॅनव्हास साधारण २०४ × ११० सेंमीचा आहे, म्हणजे पावणेसात फुटांच्या आसपास उंच.

तुमची मोजायची चूक नाही. विंटरहाल्टरनं त्याला मुद्दामच उंच काढलंय. पोरगा अजून वाढायचा आहे, तर तो मोठा झाल्यावर जेवढा होईल तेवढी उंची आत्ताच देऊन ठेवू असा त्याचा हिशोब होता. प्रत्यक्षात दुलीपसिंग काही तेवढा वाढला नाही.

गळ्यातलं चित्र राणी व्हिक्टोरियाचं आहे, हिऱ्यांमध्ये मढवलेलं.

बाकी १८५४ म्हणजे आपलं नागपूर खालसा झालं तेच वर्ष. डलहौसीनं दत्तक वारस नामंजूर करून जशी आपली गादी घेतली तसाच पंजाबही घेतला होता.

---

पंचमीची_लेक

महालकर काका, शेवटच्या वाक्यात थोडी दुरुस्ती करते, राग मानू नका. डलहौसी दोन्हीकडे होता हे खरं, पण पंजाब वारस नाही म्हणून गेला नाही. तिथं वारस गादीवर बसलेलाच होता, हाच दुलीपसिंग, रणजितसिंगाचा सर्वात धाकटा मुलगा. पंजाब दुसऱ्या शीख युद्धानंतर गेला, २९ मार्च १८४९ ला. त्या दिवशी लाहोरच्या दरबारात त्याच्याकडून सही घेतली तेव्हा तो दहा वर्षांचा होता. दहा वर्षांचं पोर हो. त्या करारात राज्य तर गेलंच पण कोहिनूर राणीला द्यायचा हे वेगळं कलम होतं, आणि त्याच्या बदल्यात त्याला आणि त्याच्या लोकांना वर्षाला चार लाखांपेक्षा कमी नाही आणि पाच लाखांपेक्षा जास्त नाही एवढी पेन्शन. आई जिंद कौरला त्याच्यापासून त्याआधीच तोडलं होतं.

मग त्याला फतेहगढला नेलं, डॉक्टर लॉगिन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या घरच्या देखरेखीत ठेवलं, १८५३ मध्ये तो ख्रिस्ती झाला, आणि १८५४ मध्ये इंग्लंडला. म्हणजे रविवारची ताई, तुम्ही ज्या पोराचं चित्र काढून राहिल्या तो चित्रात महाराजा दिसतो पण त्याचं राज्य जाऊन पाच वर्षं झाली होती. मागचं जे मनोऱ्यांचं गाव आहे ते पण खरं नाही, चित्र झालं लंडनला बकिंगहॅम पॅलेसमध्ये, जुलै महिन्यात. मागचा हिंदुस्थान चित्रकाराच्या मनातला आहे.

आणि याच बैठका चालू असताना ती कोहिनूरची घटना झाली. लॉगिनच्या बायकोनं ती लिहून ठेवली आहे. राणीनं विचारवलं की याला तो हिरा परत पाहायला आवडेल का. मग हिरा तिथंच आणवला आणि त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो खिडकीपाशी उजेडात नेला, उलटसुलट करून बराच वेळ पाहत राहिला. मधल्या काळात इंग्रजांनी तो हिरा नव्यानं घासून घेतला होता, १८५२ मध्ये, १८६ कॅरेटचा १०५ वर आला होता, म्हणजे लहानपणी त्याच्या दंडावर बांधलेला होता तो हा हिरा ओळखू येण्यासारखा राहिलाच नव्हता. शेवटी त्यानं तो स्वतःच्या हातानं राणीला दिला. खोलीतल्या लोकांचा जीव तोवर टांगणीला लागलेला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या रात्री झोप लागली नाही मला. माझा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता.

---

महालकर

बरोबर आहे तुमचं, मी दोन्ही एकात मिसळलं. धन्यवाद.

---

जवसाचं_तेल

मी चित्रकला शिकवायचो, आता रिटायर आहे. रविवारची_चित्रकार, तुमच्या तिन्ही गोष्टींवर लिहितो, सवडीनं वाचा.

उंचीचं महालकरांनी सांगितलं ते आहेच पण त्यात अजून एक युक्ती आहे ती डोळ्यांनी पाहा. क्षितिज कुठं आहे ते पट्टी लावून बघा. मागचा देखावा खाली आहे, आभाळ जास्त आहे. म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा खालच्या पातळीवर धरलाय, आपण जणू पायरीखाली उभे आहोत आणि तो वर. राजेरजवाड्यांच्या पूर्ण उंचीच्या पोर्ट्रेटमध्ये ही जुनी रीत आहे, युरोपात दोन-अडीचशे वर्षं आधीपासून चालत आलेली. त्यामुळे माणूस आहे त्यापेक्षा उंच वाटतो. विंटरहाल्टर या कामात मुरलेला होता, जन्म १८०५ चा, जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या खेड्यातला, सुरुवातीला लिथोग्राफी म्हणजे दगडावर चित्र काढून छापायची कला शिकला म्हणून त्याचं ड्रॉइंग एवढं पक्कं. व्हिक्टोरियासाठी १८४२ पासून काम करत होता, फ्रान्सच्या सम्राज्ञीला, ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीला त्यानंच रंगवलं. कोणाला कसं उभं केलं की राजा दिसतो हे त्याच्या हाताला माहीत होतं.

आता तुम्ही विचारलं दुरुस्त करू का. करू नका. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगायचो की कॉपी म्हणजे दुसऱ्या चित्रकाराचा विचार आपल्या हातातून जाऊ देणं. तुम्ही पाय आखूड केले तर ते दुलीपसिंगाचं चित्र राहील पण विंटरहाल्टरचं राहणार नाही. त्याच वर्षी ऑस्बोर्नला, राणीच्या तिथल्या घरी, त्याचे फोटो पण काढलेले आहेत, ते शोधा आणि शेजारी ठेवून पाहा, फोटोतला मुलगा आणि चित्रातला महाराजा यांच्यातलं अंतर तुम्हालाच दिसेल. पाहिजे तर फोटोवरून वेगळा पेन्सिल स्टडी करा, त्यात त्याला त्याची खरी उंची द्या.

आता मोती. साबुदाणा का होतो सांगतो. तुम्ही एकेक मोती वेगळा गोल काढून आत पांढरा भरत असाल. मोती पांढरा नसतो हो. आधी अख्ख्या माळेची एकच राखाडी पट्टी टाका, थोडा गेरू मिसळलेला उबदार राखाडी, पातळ. मग मोत्यांच्या मधल्या फटी गडद रंगानं खुणवा, त्याही सगळ्या नाही, उजेडाच्या बाजूच्या फक्त. मग प्रत्येक मोत्याच्या खालच्या कडेला परतून आलेला उजेड द्या, आणि इथं लक्ष ठेवा, तो उजेड खालच्या कपड्याचा रंग घेऊन येतो, जरीवरचा मोती खालून सोनेरी होतो. चमकीचा ठिपका शेवटी, एकच, मोत्याच्या मधोमध नाही, उजेड ज्या बाजूनं येतो तिकडे सरकवून. माळ मानेमागं वळते तिथं मोती गोल राहत नाहीत, लांबट होतात, आणि सावलीत गेलेल्या मोत्यांना ठिपका द्यायचाच नाही, ते नुसते अंदाजानं दिसले पाहिजेत. एका माळेत चांगले रंगवलेले सात-आठ मोती असतात, बाकीचे पाहणारा स्वतः पूर्ण करतो.

पांढरा कोणता वापरता? टायटॅनियम असेल तर थोडा जपून, तो फार थंड आणि झाकणारा आहे. विंटरहाल्टरच्या वेळी टायटॅनियम निघालाच नव्हता, त्यांचा पांढरा शिशाचा, तो उबदार आणि थोडा पारदर्शक. शिसं विषारी आहे, घरी आणू नका. टायटॅनियममध्ये झिंक व्हाइट आणि अगदी कणभर पिवळा मिसळा, जवळपास जाल.

आणि आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल. पंचेचाळीस डिग्रीत टर्पेन्टाइन ताटलीत ओतलं की उडतं, ब्रश ओढल्यासारखा चालतो, मग माणूस तेल वाढवत जातो. तिथंच फसतो. जवसाचं तेल टर्पेन्टाइनसारखं उडत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याला त्याचा वेळ लागतोच. वरून सुकलं वाटतं आणि आत कच्चं असतं. म्हणून खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे, हे उलटं झालं की दोन-चार वर्षांत तडे. आणि घाण्यावरचं जवसाचं तेल आपल्याकडे सहज मिळतं म्हणून ते वापरू नका, ते जास्त पिवळं पडतं, रंगांच्या दुकानातलं रिफाइंडच घ्या. कॅनव्हास कूलरसमोर ठेवून राहिल्या असाल तर आजच हलवा. कापडाचा सरस ओलावा पितो, कापड ढिलं पडतं, कूलर बंद केला की परत ताणतं, दिवसातून दोनदा असं झालं तर रंग किती दिवस धरून राहील?

---

धापेवाड्याचा

मले एक विचारायचं हाय, कोणी वाईट वाटून घेऊ नका. चित्र सुंदर हाय, मी पण पाहिलं मोबाइलवर. पण हे चित्र त्या राणीनं काढून घेतलं, तिच्या महालात लावलं, ज्या पोराचं सगळं घेतलं त्यालेच सजवून भिंतीवर टांगलं. मंग आपण वर्षभर मेहनत करून त्याचीच कॉपी काऊन करायची? आपल्या भोसल्यांचं करा ना. रघुजी राजांचं करा. लोकायले माहीत तरी होईल.

---

पंचमीची_लेक

तुमचा प्रश्न मला पटतो, खरंच. आणि ताईनं विचारलेलं गळ्यातलं चित्र तिथंच येतं. ते एमिली ईडनच्या हातचं आहे, हस्तिदंतावर काढलेलं. एमिली म्हणजे गव्हर्नर जनरल ऑकलंडची बहीण, भावासोबत पंजाबात आली होती, रणजितसिंगाला भेटली होती. म्हणजे बघा, पोराच्या अंगावर बापाच्या खजिन्यातले दागिने आणि त्यांच्या मधोमध, छातीवर, राणीचा चेहरा. मालक कोण ते सगळ्यांना दिसेल अशा जागी.

पण राणीनं ते वाईट मनानं करवलं असंही मला म्हणवत नाही. तिला त्या मुलाचा लळा होता, तो ऑस्बोर्नला तिच्या मुलांसोबत खेळायचा, तिनं स्वतःच्या हातानं त्याची स्केचेस काढलीत. लळाही खरा आणि लूटही खरी. मला या चित्रात हेच सर्वात जड वाटतं.

आणि पुढचं सांगते कारण त्यात आपला महाराष्ट्र येतो. आईची आणि त्याची भेट थेट १८६१ मध्ये कलकत्त्याला झाली, तोवर ती जवळपास आंधळी झाली होती. तो तिला इंग्लंडला घेऊन गेला. १८६३ मध्ये ती लंडनलाच वारली. तिची इच्छा होती की अग्नी आपल्या मातीत मिळावा. पंजाबात न्यायची परवानगी त्याला मिळाली नाही, म्हणून पुढच्या वर्षी तो तिला घेऊन मुंबईला उतरला आणि नाशिकला गोदावरीच्या काठी तिचा दहनविधी केला. रणजितसिंगाची राणी नाशिकला. तिच्या अस्थी लाहोरला पोचल्या त्या १९२४ मध्ये, नातीनं नेल्या, दुलीपसिंगाच्या मुलीनं.

तो स्वतः १८८६ मध्ये हिंदुस्थानात परत यायला निघाला तर एडनलाच अडवला. तिथंच तो परत शीख झाला. २२ ऑक्टोबर १८९३ ला पॅरिसमध्ये गेला, एकटा, आणि पुरला इंग्लंडमधल्या एल्वेडनला.

---

रविवारची_चित्रकार

दोन दिवस उत्तर देऊ शकली नाही, वाचत होती फक्त. पंचमीची_लेक, नाशिकचं मला अजिबात माहीत नव्हतं. मी चार वेळा रामकुंडावर गेली आहे.

धापेवाड्याचे दादा, तुम्ही विचारलं ते मी स्वतःलाही विचारलं. माझं घर नागपूरच्या महाल भागात आहे, लहानपणापासून शाळेत जाताना नगारखान्याजवळून जायची. आजोबा सांगायचे की जुना राजवाडा काळ्या दगडाचा होता आणि लाकडी नक्षीनं भरलेला, १८६४ च्या आगीत जळाला, नगारखाना तेवढा वाचला. म्हणून त्या प्रिंटवर १८५४ आकडा पाहिला तेव्हा मी थांबली. तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ ला गेले, मुलगा नव्हता, आणि १८५४ मध्ये राज्य गेलं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात गेले, जवाहीर कलकत्त्याला विकायला पाठवलं. राजघराण्यातल्या म्हाताऱ्या बांकाबाईनं सांगून पाठवलं होतं की सामान हलवाल तर राजवाड्याला आग लावीन. तरी सामान गेलंच.

म्हणजे इकडे आपल्या राजाच्या पगडीवरचे दागिने विकायला निघाले आणि त्याच वर्षी तिकडे दुसऱ्या गेलेल्या राज्याच्या पोराला त्याचे दागिने घालून उभं केलं चित्रासाठी. मला ते दोन्ही एकदम दिसले. भोसल्यांचं पण करायचं आहे मला, मनापासून सांगते, पण आधी हात तयार होऊ द्या. हात चांगला झाल्याशिवाय आपल्या राजाला हात लावायची हिंमत होत नाही.

---

धापेवाड्याचा

समजलं ताई. करा मंग. झाल्यावर फोटो टाका इथं, मी पाहीन.

---

जवसाचं_तेल

एक राहिलं होतं. गळ्यातल्या राणीच्या चेहऱ्यात नाक-डोळे काढायच्या भानगडीत पडू नका. तुमचा कॅनव्हास केवढा आहे?

---

रविवारची_चित्रकार

तीन फूट उंच, सर. तो चेहरा म्हणजे नखाएवढासुद्धा येणार नाही.

---

जवसाचं_तेल

मग झालंच. एक फिकट डाग चेहऱ्याचा, त्याच्यावर एक गडद डाग केसांचा, आणि भोवती हिऱ्यांचे ठिपके तुटक. मात्र ते सगळ्यात शेवटी करा, दुलीपसिंगाचा चेहरा पूर्ण झाल्यावर. आधी केलं तर तुमचं लक्ष सारखं तिकडं जाईल आणि मुलाचा चेहरा मागं पडेल. आणि मुलाच्या चेहऱ्याला वेळ द्या. अंग त्यानं मोठ्या माणसाचं काढलं, कपडे राजाचे काढले, पण चेहरा पंधराचाच ठेवला, तिथं त्यानं काही वाढवलं नाही. डोळ्यांखालची सावली फार पातळ आहे, दोनदा ब्रश फिरवला की मुलगा तीस वर्षांचा होईल.

---

रविवारची_चित्रकार

हो सर, लक्षात ठेवते. वेबसाइटवरून पूर्ण चित्र पाहून चौकटी परत पाडल्या, मोजडीचं टोक आलं. उंची तशीच ठेवली. ऑस्बोर्नच्या फोटोवरून पेन्सिल स्टडी काल रात्री सुरू केला, खरंच लहान आहे हो तो त्यात. दोन्ही कागद शेजारी टाचून ठेवलेत. कूलर दुसऱ्या खोलीत गेला, घरचे वैतागलेत पण मान्य केलं.

राखाडी पट्टी रविवारी टाकते, ओली असतानाच फोटो काढून इथं टाकीन, फटी जास्त गडद होऊन राहिल्या असतील तर लगेच सांगा.